होंडाची फटफटी

जपानमधल्या ‘होंडा’ मोटारसायकलीचा आरंभ ज्या इंजिनाने झाला, ते मुळी वाहनाचे नव्हतेच. लष्कराच्या बिनतारी यंत्राला वीज पुरवण्यासाठी ते बनवले होते. साल १९४६. युद्ध नुकतेच संपलेले, आगगाड्या खच्चून भरलेल्या, पेट्रोल मोजूनमापून मिळायचे. हामामात्सु शहरात सोइचिरो होंडा यांच्या हाती ही इंजिने लागली आणि त्यांनी ती चक्क सायकलींना बसवली. पहिल्या गाडीला पेट्रोलची टाकी कसली लावली असेल? थंडीत गरम पाणी भरून अंथरुणात ठेवतात, ते भांडे!

जुनी इंजिने पाचएकशेच होती, ती संपली. मग १९४७ साली स्वतःचे इंजिन आले. आपण जसे ‘फटफटी’ म्हणतो, तसे तिकडचे लोक आवाजावरून त्याला ‘बाताबाता’ म्हणत.

१९४९ ची ‘ड्रीम’ मात्र सायकलीचा आधार सोडून आली. पत्र्याचा मजबूत सांगाडा, ९८ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन. या जातीत तेल पेट्रोलबरोबरच जळते, शिवाय थोडे पेट्रोल न जळताच धुराबरोबर निघून जाते. गिऱ्हाइकाचा कल फोर-स्ट्रोककडे होता. त्यात ओढणे, दाबणे, पेटवणे आणि धूर बाहेर टाकणे ही चार कामे चार वेगळ्या फेऱ्यांत होतात. मग १४६ सीसीचे तसे इंजिन तयार झाले. पण ते घाट चढेल का? १५ जुलै १९५१ रोजी भर पावसात कावाशिमा हा तरुण अभियंता गाडी घेऊन हाकोनेच्या घाटाला लागला. मागून मोटारीत होंडा आणि कंपनीचा व्यवहार पाहणारे फुजिसावा. गाडी न थांबता माथ्यावर पोचली, आणि मोटार मागेच राहिली!

तरी १९५२ साली होंडा पुन्हा सायकलीकडे वळले, हे मला त्यांचे खरे शहाणपण वाटते. ‘कब’ हे छोटे इंजिन मागच्या चाकाला जोडायचे. फुजिसावांनी ते खपवायला सुमारे ५०,००० सायकल दुकानदारांना पत्रे धाडली.

त्यातूनच १९५८ ची ‘सुपर कब’ झाली. २०१७ पर्यंत या घराण्याच्या दहा कोटी गाड्या निघाल्या. ती आखताना डोळ्यांपुढे होता खाणावळीचा पोऱ्या, एका हातावर शेवयांच्या वाडग्यांचे तबक तोललेला. म्हणून मुठीवरची क्लचची दांडीच काढून टाकली. गिअर पायाने बदलायचा, क्लच आपोआप सुटायचा, नि पोऱ्याचा डावा हात तबकाला मोकळा!