सूट आणि तहकुबी



म्हैसूरच्या भूमीवर मराठीत बोलावयाचे, तर ‘खंडणी’ हा शब्द प्रथम उच्चारला पाहिजे. कारण थोरल्या माधवराव पेशव्यांच्या स्वाऱ्या म्हैसूरच्या हैदर अलीकडून तीच वसूल करावयास येत असत, आणि ती आठवण झाकून दुसऱ्याच्या वसुलीविषयी बोलणे मला प्रशस्त वाटत नाही.

१७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर, ज्याला पाच वर्षेही पूर्ण झाली नव्हती अशा वडियार घराण्यातल्या कृष्णराजाच्या नावाने जो तहनामा झाला, त्यात तैनाती फौजेच्या खर्चादाखल दरसाल सात लाख होन, म्हणजे साडेचोवीस लाख रुपये, ईस्ट इंडिया कंपनी सरकारात भरण्याचे कलम होते; आणि ही रक्कम बुडेल अशी धास्ती वाटल्यास राज्याचा कारभार हाती घेण्याचा जो अधिकार त्याच कागदात लिहून ठेवला होता, तो १८३१ साली बजावला गेला. पुढची पन्नास वर्षे इंग्रज अंमलदारांची. १८७६ ते ७८ चा घोर दुष्काळ त्यांच्याच अमदानीतला. त्यात सुमारे दहा लाख माणसे दगावली आणि खजिन्यावर हिंदुस्थान सरकारचे ऐंशी लाखांचे कर्ज चढले. १८८१ साली त्याच घराण्यातल्या चामराजेंद्रांना राज्य परत मिळाले ते या कर्जासह, आणि खंडणी पस्तीस लाखांवर नेऊन!

दुष्काळाकडे पाहून वाढीव साडेदहा लाख पाच वर्षे, आणि मग आणखी दहा वर्षे, तहकूब ठेवण्यात आले. या तहकुबीला कोणी औदार्य म्हणो; मला तसे म्हणवत नाही. मुदत वाढली की देणेदाराचा श्वास मोकळा होतो खरा, परंतु रंगाचार्लू आणि शेषाद्री अय्यर यांच्यासारख्या दिवाणांना प्रत्येक रस्ता, प्रत्येक कालवा योजताना पुढे येणारा हप्ता डोळ्यांसमोर ठेवावा लागला असेल, आणि १८९६ पासून तो हप्ता खरोखरच सुरू झाला. खरी सूट आली ती १९२७ साली, नाल्वडी म्हणजे चौथ्या कृष्णराजांच्या कारकिर्दीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, जेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी याच नगरात साडेदहा लाख कायमचे सोडल्याचे जाहीर केले. मूळचे साडेचोवीस लाख राहिलेच. जी रक्कम म्हैसूरने कधी उसनी घेतलीच नव्हती, तिच्या एका भागाच्या सुटीबद्दल म्हैसूरला आभार मानावे लागले, ही गोष्ट मला आजही सलते.

आता आपणही धनको झालो आहोत. २००३ साली भारताने मोझांबिक, टांझानिया आदी गरीब देशांकडील येणे सोडण्याचे जाहीर केले, याचा मला मनापासून अभिमान आहे. तुमच्यापैकी कोणी उद्या वित्तखात्यात बसेल आणि एखाद्या दूरच्या देशाची मिसल त्याच्यापुढे येईल, तेव्हा बाकीचा आकडा वाचण्यापूर्वी त्याने दप्तरातून पहिला करार मागवून घ्यावा, आणि त्यावर कोणाच्या नावाने, कोणत्या वर्षी सही झाली आहे ते पाहावे, एवढीच माझी विनंती आहे.