हार्ड डिस्कची हमी : खोक्यावरची आणि खरी

(राष्ट्रीय ग्राहक दिनानिमित्त ग्रामस्थ, शिक्षक व पंचायत कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ग्राहक संरक्षण कायद्याला २४ डिसेंबर १९८६ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून हा दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळण्यात येतो. त्या काळी ग्राहकाची फसवणूक म्हटली की मापातील खोट किंवा तेलातील भेसळ डोळ्यांसमोर येई. आज गावच्या शाळेचे हजेरीपट आणि दाखले, पंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदी, विद्यार्थ्यांचे प्रकल्प हे सारे लॅपटॉपच्या पोटात जाऊन बसले आहे. ज्या भागात ते साठते त्याचे नाव हार्ड डिस्क. हा भाग बिघडला आणि नवा घेण्याची वेळ आली, की ग्राहकाला वजनकाट्यावर उघड होणारी खोट नव्हे, तर डोळ्यांना मुळीच न दिसणारी खोट ओळखावी लागते.

जुन्या धाटणीच्या हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेपाच्या चकत्या मिनिटाला बहुधा ५,४०० फेऱ्या घेत फिरतात आणि त्यांच्या पृष्ठभागापासून केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर लेखनशीर्ष तरंगत असते. चालू लॅपटॉप आपटला तर हे शीर्ष चकतीवर घासते. आतून टक्‌टक्‌ असा आवाज येऊ लागला, तर यंत्र पुनःपुन्हा सुरू करून पाहणे हाच सर्वांत घातक उपाय होय. प्रत्येक वेळी थोडी माहिती खरवडली जाण्याचा संभव असतो. हल्ली मिळणाऱ्या एसएसडीत फिरणारा भाग नसतो. ती धक्का सोसते व वेगाने चालते. मात्र बिघडते तेव्हा पूर्वसूचना देईलच असे नाही.

खरेदीला जाण्यापूर्वी लॅपटॉपचा नेमका मॉडेल क्रमांक आणि शक्य असल्यास जुनी डिस्कच बरोबर न्यावी. लॅपटॉपची डिस्क अडीच इंची असते. तथापि तिची जाडी ७ किंवा ९.५ मिलिमीटर असू शकते, आणि जाड डिस्क पातळ खाचेत बसत नाही. नव्या लॅपटॉपमध्ये च्युइंगगमच्या पट्टीसारखी एम-टू पट्टी असते. तिच्यातही साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार असून दिसण्यात ते जवळजवळ सारखेच असतात. एकाच्या जागी दुसरा आणला तर बसेल, पण चालेलच असे नाही. काही लॅपटॉपमध्ये साठवणीचा भाग मुख्य फलकालाच जोडलेला असतो. तेथे खरेदीचा प्रश्नच उद्भवत नाही. आणि लॅपटॉप अद्याप स्वतःच्याच हमीत असेल, तर तो उघडण्यापूर्वी त्याच्या सेवाकेंद्राला विचारणे श्रेयस्कर.

एका निरर्थक भांडणाचाही येथे उल्लेख करावयास हवा. ५०० जीबीची डिस्क संगणकावर सुमारे ४६५ जीबी दाखवते. ही दुकानदाराची लबाडी नव्हे. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज १,०२४ च्या पटीत मोजते, एवढाच तो फरक.

आता हमीविषयी. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘तीन वर्षे’ असे छापलेले असते आणि दुकानदार ‘काही झालं तर घेऊन या’ असे तोंडी आश्वासन देतो. या दोहोंवर हमी उभी राहत नाही. ती डिस्कवर छापलेल्या अनुक्रमांकाला, म्हणजेच सिरियल नंबरला, चिकटलेली असते. प्रमुख उत्पादकांच्या संकेतस्थळांवर हा क्रमांक घालून हमी कधीपर्यंत आहे, हे कोणालाही विनामूल्य पाहता येते. मोबाईलवर दोन मिनिटांचे काम आहे. पैसे मोजण्यापूर्वी, दुकानदाराच्या समोरच ते उरकावे. म्हापसा किंवा फोंड्याच्या बाजारातला प्रामाणिक व्यापारी त्याने दुखावला जाणार नाही. जो दुखावला जाईल त्याच्याकडून न घेणेच बरे.

या तपासणीत काही वेळा अनपेक्षित उत्तर मिळते. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्यांना घाऊक पुरवलेल्या डिस्क, ज्यांना व्यापारात ओईएम माल म्हणतात, सुट्या होऊन बाजारात येतात. त्या खोक्याशिवाय, नुसत्या चकचकीत पिशवीत मिळतात आणि स्वस्तही असतात. माल खोटा नसतो. पण डिस्कचा उत्पादक किरकोळ ग्राहकाला त्यावर हमी देत नाही. परदेशात विक्रीसाठी पाठवलेल्या डिस्कची हमीही येथे नाकारली जाऊ शकते. स्वस्ताईचे कारण बहुधा येथेच सापडते.

हार्ड डिस्क बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या आता सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा एवढ्या तीनच उरल्या आहेत. २०११ साली थायलंडमध्ये महापूर येऊन तेथील कारखाने पाण्याखाली गेले, जगभर डिस्कचे भाव चढले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पहिल्या दोन कंपन्यांनी आपल्या काही डिस्कवरील हमीचा काळही घटवला. सबब ‘मागच्या वेळी तीन वर्षांची होती’ हा आधार पुरेसा नाही.

नवेपणाची खात्री हा वेगळा विषय. जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीत असे उघडकीस आले की, हजारो तास वापरलेल्या सीगेटच्या डिस्क नव्या म्हणून विकल्या जात होत्या. त्यांच्यातील वापराच्या तासांची नेहमीची नोंद कोणीतरी पुसून शून्यावर आणली होती. आतील दुसऱ्या, सहसा न पाहिल्या जाणाऱ्या नोंदीने बिंग फोडले. त्या डिस्क लॅपटॉपच्या नव्हत्या, मोठ्या साठवणयंत्रांच्या होत्या. परंतु युक्ती तीच कोठेही चालू शकते. क्रिस्टलडिस्कइन्फो यासारख्या मोफत प्रणालीने वापराचे तास दिसतात. नव्या डिस्कवर ते अगदी थोडे असावेत. शेकड्यांनी दिसले तर त्याच दिवशी दुकान गाठावे.

पावतीवर डिस्कचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. हमी खरेदीच्या तारखेपासून मोजली जाते. पावती नसली तर उत्पादक बहुधा निर्मितीची तारीख धरतो, आणि दुकानात पडून राहिलेले महिने ग्राहकाच्या खात्यातून वजा होतात. थर्मल कागदावरील पावती वर्षभरात पुसट होते, म्हणून तिचे छायाचित्र काढून ठेवावे; मात्र ते त्याच लॅपटॉपमध्ये नव्हे!

दुकानदाराने दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. २०१९ च्या कायद्यान्वये ग्राहक जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते; त्यामुळे दूरच्या शहरातून ऑनलाईन माल मागवणाऱ्यालाही तेथवर खेपा घालण्याचे कारण नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, तक्रार मात्र दोन वर्षांच्या आत व्हावयास हवी.

हमीत काय मिळते? डिस्कच्या बदल्यात डिस्क, आणि तीही पुष्कळदा दुरुस्त केलेली. आतील माहिती कोणत्याही साध्या हमीत येत नाही. दहा वर्षांचे दाखले गेले तर कंपनी तीन हजारांची कोरी डिस्क देईल व तिचे कर्तव्य तेथे संपेल. म्हणूनच शाळांनी व पंचायतींनी आठवड्यातून एकदा तरी दुसऱ्या डिस्कवर प्रत काढावी आणि ती दुसऱ्या इमारतीत ठेवावी.

आणखी एक अडचण क्वचितच कोणाच्या ध्यानात येते. हमीत बदलून घेण्यासाठी जुनी डिस्क परत द्यावी लागते. ती चालत असेल तर आधी पूर्णपणे पुसून द्यावी. ती मुळीच चालत नसेल, तर पुसताही येत नाही, आणि मुलांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक यांसह ती परक्या हाती जाते. अशा वेळी हमी सोडून देऊन डिस्क आपल्याजवळच ठेवायची, की दोन-तीन हजार रुपये वाचवायचे, हा निर्णय मुख्याध्यापकांनी किंवा पंचायत सचिवांनी लेखी घ्यावा. तो दुकानात गेलेल्या शिपायावर सोडू नये.