अपघाताची नोंद : उपचाराइतकीच मोलाची

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या सभेत मी आपल्यापुढे जमाखर्चाचा गोषवारा ठेवतो. याही वर्षी तो अहवालाच्या अखेरीस जोडलेला आहे. आज मात्र अध्यक्ष महोदयांच्या अनुमतीने एका वेगळ्या हिशोबाविषयी बोलणार आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यक आणि अभियांत्रिकी हे दोन्ही माझे प्रांत नव्हेत. तरीही अपघात विभागाची कागदपत्रे सांभाळण्याची जबाबदारी माझ्याकडे असल्याने या विषयाचा अभ्यास करणे मला भाग पडले. त्याला निमित्त झाली आपल्याच रुग्णालयात घडलेली एक चूक.

काही वर्षांपूर्वी ऊसगाळपाचा हंगाम ऐन भरात असताना एका रात्री अंबड रस्त्यावरून एका तरुणाला बेशुद्धावस्थेत आपल्याकडे आणण्यात आले. ज्या सज्जनांनी त्याला आणले, ते "गाडीवरून पडला" एवढेच सांगून निघून गेले. कर्तव्यावरील डॉक्टरांनी तत्काळ उपचार सुरू केले आणि केसपेपरवर "दुचाकीवरून घसरून पडल्याने इजा" असे लिहिले. रक्ताने माखलेले कपडे आणि तडकलेले हेल्मेट सकाळी कचऱ्याबरोबर गेले. उपचारांत कसूर झाली नाही, परंतु चौथ्या दिवशी त्याची प्राणज्योत मालवली. मागे पत्नी, दोन लहान मुले आणि वृद्ध आई राहिली.

पुढे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे अभिलेख घेऊन साक्षीला जाण्याची वेळ माझ्यावर आली. रस्त्यात दिव्याविना उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मुलगा मागून आदळला, असे कुटुंबाचे म्हणणे होते. विमा कंपनीच्या वकिलांनी आपल्याच केसपेपरवरील ती ओळ मोठ्याने वाचून दाखवली. कुटुंबाला भरपाई मिळाली, पण अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी आणि फार विलंबाने. बाहेर त्या माउलीने मला विचारले, "साहेब, माझं लेकरू घसरून पडलं नव्हतं. तुमच्या कागदावर तसं कुणी लिवलं?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजचे भाषण म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे, असे आपण समजावे.

अपघात कसा घडला, हे भौतिक पुराव्यांवरून मागे जात शोधण्याच्या शास्त्राला अपघाताची पुनर्रचना म्हणतात. माझ्यासारख्या हिशोबनिसाला ते लवकर उमगले, कारण त्याच्या मुळाशीही जमाखर्चच आहे. धावत्या वाहनात ऊर्जा साठलेली असते. ब्रेक लावल्यावर ती टायरच्या घर्षणात खर्च होते, आणि उरलेली धडकेत पत्रा वाकवण्यात व शरीर मोडण्यात खर्च होते. खर्चाच्या नोंदी जुळवल्या की आरंभीची शिल्लक, म्हणजे वाहनाचा वेग, काढता येतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर चाके जाम होऊन टायरची ३० मीटर लांब खूण उमटली आणि वाहन तेथेच थांबले, तर ब्रेक लावताना त्याचा वेग ताशी सुमारे ७३ किलोमीटर होता असे गणित सांगते. वेग दुप्पट झाला की हीच खूण चौपट, म्हणजे १२० मीटर होते. ट्रॉलीचा मागचा दिवा धडकेच्या क्षणी लागलेला होता की नाही, हेही साध्या फुटलेल्या बल्बवरून बहुधा कळू शकते. तापलेली तार धक्क्याने ताणली जाऊन वेडीवाकडी होते, थंड तार तशी ताणली जात नाही, ती तुटते. त्या रात्रीच्या ट्रॉलीचा दिवा कोणी पाहिला असता तर?

या शास्त्राचे मोल आपल्या शेजारीच दिसून आले. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. तोच महामार्ग पुढे आपल्या जालना आणि बदनापूर तालुक्यांतून जातो. प्रथम टायर फुटल्याचे कारण सांगण्यात आले. परंतु परिवहन विभागाच्या तपासणीत रस्त्यावर टायर फुटल्याच्या खुणा वा रबराचे तुकडे आढळले नाहीत, आणि ते कारण अहवालात नाकारण्यात आले. बस आधी खांबाला आणि मग दुभाजकाला धडकल्याचे दिसून आले. चालकाच्या रक्ताची न्यायसहायक प्रयोगशाळेत तपासणी होऊन त्यात मद्यांश आढळल्याचे वृत्तही त्या वेळी प्रसिद्ध झाले. दोष कोणाचा, हे ठरवण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे. आपण एवढेच ध्यानी घ्यावे, की तोंडी सांगितलेले पहिले कारण आणि रस्त्याने दिलेली साक्ष यांत अंतर असू शकते.

याच दुर्घटनेत दुसराही प्रश्न दडलेला आहे. बस का आदळली, हा एक प्रश्न. इतके जीव का गेले, हा दुसरा. बस डाव्या अंगावर पडल्याने दरवाजा खाली दबला गेला, इंधनाने पेट घेतला आणि आतील लोकांना वाट उरली नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले म्हणून दुसऱ्याचे आपोआप मिळत नाही.

हा भेद पालघर जिल्ह्यातील घटनेत अधिक स्पष्ट होतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर मोटार कठड्याला धडकून उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे निधन झाले. अलीकडच्या वाहनांत चाके जाम होत नसल्याने रस्त्यावर खुणा फारशा उमटत नाहीत, मात्र वाहनातील यंत्रणा शेवटच्या काही सेकंदांची माहिती नोंदवून ठेवते. उत्पादक कंपनीने पोलिसांना दिलेल्या प्राथमिक अहवालानुसार धडकेपूर्वी पाच सेकंद वेग ताशी १०० किलोमीटर होता आणि धडकेच्या वेळी ८९. पुलावरील मार्गिकांच्या आखणीचीही त्यानंतर चर्चा झाली. हे झाले धडकेचे कारण. इजेचे कारण मात्र निराळे होते. पुढील आसनांवरील दोघे गंभीर जखमी होऊनही वाचले, मागील दोघे दगावले. मागे बसलेल्या दोघांनी आसनपट्टा लावलेला नव्हता, असे तपासात दिसून आले. ताशी ८९ किलोमीटर वेगाने आदळणे म्हणजे सुमारे ३१ मीटर उंचीवरून, अर्थात दहा मजली इमारतीवरून खाली पडणे होय. दुचाकीच्या ताशी ५० किलोमीटर वेगाची उंची जवळजवळ १० मीटर, म्हणजे तीन मजले भरते. हेल्मेट न घालता घराबाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला हा आकडा सांगावासा वाटतो.

मंडळी, रस्ता आणि वाहन हे अपघाताचे दोन साक्षीदार झाले. तिसरा साक्षीदार म्हणजे जखमी देह, आणि तो येतो रुग्णालयात. पादचाऱ्याच्या पायाचे हाड जमिनीपासून किती उंचीवर मोडले, यावरून धडक देणाऱ्या वाहनाचा पुढचा भाग किती उंच होता याचा अंदाज बांधता येतो. छातीवर तिरका वळ असेल तर आसनपट्टा लावलेला होता, आणि तो वळ कोणत्या खांद्याकडून उतरला यावरून माणूस चालकाच्या जागी होता की शेजारी, हे ठरवण्यास मदत होते. हे ज्ञान जगाला एका रुग्णानेच दिले. ह्यू डीहेवन हा अमेरिकन तरुण १९१७ मध्ये कॅनडात विमानचालनाचे प्रशिक्षण घेताना विमानांच्या टकरीत जबर जखमी झाला. आपल्या पोटातील इजा आसनपट्ट्याच्या बोजड बक्कलमुळे झाली, असा निष्कर्ष त्याने काढला. पुढे १९४२ मध्ये उंचावरून पडूनही वाचलेल्यांचा अभ्यास त्याने प्रसिद्ध केला आणि वाहनांत माणूस सुरक्षित कसा राहील याच्या शास्त्रशुद्ध संशोधनाचा पाया घातला.

आता कायद्याकडे वळतो. केंद्र शासनाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला, त्यांपैकी १५,२२४ महाराष्ट्रात. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार पोलिसांनी अपघाताचा प्रथम अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणापुढे ठेवावयाचा आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाची घटनास्थळभेट टप्प्याटप्प्याने आवश्यक केली आहे. परंतु निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दलची शिक्षा पाच वर्षांपर्यंतची असल्याने सर्वसाधारण रस्ता अपघात या सक्तीच्या कक्षेत येत नाही. म्हणजे गावच्या रस्त्यावर रात्री घडलेल्या अपघातात तज्ज्ञ येईलच असे नाही. अशा वेळी पोलिसांचा पंचनामा, मोटार वाहन निरीक्षकांचा अहवाल आणि रुग्णालयाची नोंद हीच गरिबाची साधने उरतात.

म्हणून त्या चुकीनंतर आपण आपल्या अपघात विभागात काही पद्धती बसवल्या. इजा कशाने झाली हे सांगणाऱ्याच्या शब्दांत, सांगणाऱ्याच्या उल्लेखासह लिहिले जाते. निश्चित माहिती नसेल तर "कारण अज्ञात" असेच लिहिले जाते. तर्काने काहीही लिहावयाचे नाही. रुग्ण शुद्धीवर आल्यास वा नातेवाईक आल्यावर पुरवणी नोंद दिनांक-वेळेसह होते, मूळ नोंद खोडली जात नाही. जखमांची जागा, दिशा आणि टाचेपासूनची उंची आकृतीवर दाखवली जाते. कपडे सावलीत वाळवून कागदी पाकिटात, हेल्मेट स्वतंत्र पेटीत, मोहोरबंद करून पोलिसांकडे पोच घेऊन सुपूर्द केले जातात. पोलिसांच्या मागणीनुसार रक्ताचा नमुना घेताना वेळ अचूक नोंदवली जाते, कारण रक्तातील मद्यांश तासागणिक घटत जातो आणि चार तासांचा विलंब सत्य पुसून टाकू शकतो. या सर्व कामासाठी उपचार क्षणभरही थांबवले जात नाहीत. जीव प्रथम, नोंद त्याच्या पाठोपाठ.

नातेवाइकांना माझी हात जोडून विनंती आहे. रक्ताने माखलेले कपडे अशुभ म्हणून जाळू वा टाकू नका. हेल्मेट जपा. वाहन घाईने दुरुस्तीला देऊ नका, आधी त्याची तपासणी होऊ द्या. केसपेपरवर काय लिहिले आहे ते विचारून घ्या, आणि चूक असेल तर त्याच दिवशी आमच्या निदर्शनास आणा. दाव्याला मुदतीचे बंधन असते, म्हणून वकिलांचा सल्ला लवकर घ्या.

आणि जखमीला आणणाऱ्या सज्जनांनाही सांगावेसे वाटते, की मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये समाविष्ट झालेल्या कलम १३४-अ नुसार त्यांना संरक्षण आहे. नाव सांगण्याची सक्ती त्यांच्यावर नाही. तेव्हा भिऊन निघून जाऊ नये, जे पाहिले ते दोन वाक्यांत सांगून जावे. त्या रात्री तेवढी दोन वाक्ये मिळाली असती, तर एका कुटुंबाचे भवितव्य कदाचित वेगळे असते.

देणगीदार बंधू-भगिनींनो, आपल्या दातृत्वातून शस्त्रक्रियागृह उभे राहिले, रुग्णवाहिका आली. या वर्षी मी जे मागतो आहे ते त्या मानाने किरकोळ आहे: पुराव्याच्या वस्तूंसाठी कुलूपबंद कपाट, एक चांगला कॅमेरा आणि रात्रपाळीसाठी नोंदींचे प्रशिक्षण घेतलेला एक कर्मचारी. या खर्चाची पाटी कोणत्याही भिंतीवर लागणार नाही. परंतु उद्या एखादी माउली न्यायाधिकरणात उभी राहील, तेव्हा आपल्या रुग्णालयाचा कागद तिच्या लेकराविषयी खरे तेच सांगेल. मला तरी यापरते मोठे पुण्य दिसत नाही.