फिट आणि फीतकृमी

मेंदूत जंताची गाठ, तीही शाकाहारी माणसाच्या? हो, होते. हैदराबादच्या निम्स रुग्णालयात डॉ. जे. एम. के. मूर्ती यांनी १९९०च्या दशकात अपस्माराच्या, म्हणजे वारंवार फिट येण्याच्या, कारणांचा अभ्यास केला, त्यात हे एक मोठं कारण दिसलं. डुकराच्या कच्च्या राहिलेल्या मांसातून हा जंत, म्हणजे फीतकृमी, आतड्यात वाढतो. पण मेंदूत शिरते ती त्याच्या अंड्यांतली अळी. आणि अंडी येतात मैला मिसळलेल्या पाण्यातून, न धुतलेल्या कोथिंबिरीतूनसुद्धा! स्कॅनमध्ये गाठ दिसते. अल्बेन्डाझोल, स्टिरॉइड आणि फिटच्या गोळ्यांनी ती बरेचदा विरते. गोळ्या मात्र मनानं बंद करू नका. फिट आलीच, तर कांदा-चप्पल हुंगवणं सोडा. रुग्णाला कुशीवर वळवा. पाच मिनिटांत थांबली नाही, तर थेट दवाखाना गाठा.