उत्तरेचे पाहुणे आपल्या बांधावर
(कोकणातील एका शेतकरी मेळाव्यात, भातकापणीच्या तोंडावर झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज सकाळपासून भाताच्या काढणीवर, आंब्याच्या मोहोरावर आणि नारळावरच्या किडींवर आपण बरेच ऐकले. आता शेवटच्या अर्ध्या तासात मला पक्ष्यांवर बोलायला सांगितले आहे. काही जणांच्या मनात आले असेल, "पाखरे बघायला आम्हाला वेळ कुठला?" पण वेगळा वेळ काढायला मी सांगणारच नाही. बांधावर, खाजणात, तळ्याच्या पाळीवर आपण रोज उभे असतोच. तिथेच उभे राहून दहा मिनिटे मान वर करायची, एवढेच माझे मागणे आहे. ते का, हे शेवटी तुमच्या लक्षात येईल.

हे दिवस कसले आहेत?

भाद्रपद सरला की पावसाचा जोर ओसरतो. आपल्याकडे हळवे भात पिवळे पडू लागते, त्याच सुमारास हिमालयापलीकडे आणि सैबेरियात थंडी उतरू लागते. तिथला दिवस लहान होतो, चिखल गोठतो, किडे नाहीसे होतात. उन्हाळ्यात तिथे पिल्ले वाढवलेले पक्षी मग दक्षिणेकडे निघतात. मध्य आशियातून भारतात येणारा हा हवाई मार्ग तीस देशांवरून जातो आणि आपला किनारा व आपली धरणे त्याच्या दक्षिण टोकाकडे येतात.

सगळे पक्षी एकदम येत नाहीत. चिखलात चोची खुपसणारे लहान पक्षी, म्हणजे चिखल्या आणि तुतारी, ऑगस्टपासूनच किनाऱ्यावर दिसू लागतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात विजेच्या तारांवर माळभिंगऱ्यांच्या रांगा लागतात आणि अंगणात शेपटी हलवत धोबी पक्षी फिरू लागतो. बदके त्यानंतर येतात. दिवाळीपासून पुढे तळ्यांवर त्यांची संख्या वाढते. मार्च-एप्रिलमध्ये हे सगळे परत फिरतात.

यात एक गोष्ट मला फार नवलाची वाटते. चिखलातल्या या पक्ष्यांपैकी कित्येक जातींत आईबाप पिल्लांच्या आधीच निघून येतात. पिल्ले मागाहून, कोणी वाट न दाखवता, हजारो किलोमीटर उडत त्याच दिशेने येतात. निघण्यापूर्वी ती खाऊन खाऊन अंगात चरबी साठवतात. काही जातींचे वजन जवळजवळ दुप्पट होते. त्या चरबीवरच प्रवास होतो. म्हणून थकून उतरलेल्या पाखराला पहिल्या दिवसांत खाणे आणि विसावा मिळणे हा त्याच्या जगण्या-मरण्याचा प्रश्न असतो.

किनाऱ्यावर काय पाहाल?

हर्णैसारख्या बंदरात संध्याकाळी मासळीचा लिलाव लागतो, तेव्हा वर घिरट्या घालणारे पांढरे-राखी पक्षी तुम्ही पाहिलेच असतील. ते कुरव. त्यांतला तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटकडच्या सरोवरांवर वीण करतो. आपल्याकडे येईपर्यंत त्याच्या डोक्याचा तपकिरी रंग गेलेला असतो, फक्त कानाजवळ एक काळपट ठिपका उरतो. त्यामुळे नाव ऐकून पाहायला जाणारा फसतो. कुरवापेक्षा सडपातळ, दुभंगलेल्या शेपटीचे आणि पाण्यात सूर मारणारे ते सुरय.

ओल्या वाळूवर लाटेच्या पुढे-मागे पळणारे थवे चिखल्या आणि तुतारींचे असतात. त्यांच्यात मोठा, विळ्यासारख्या लांब वाकड्या चोचीचा पक्षी दिसला तर तो कोरल. त्याची चोच बिळात खोल जाते आणि खेकडा बाहेर ओढते. खाडीच्या तोंडाशी एखाद्या खांबावर मासा पायात धरून बसलेला कैकर दिसेल, तोही हिवाळी पाहुणाच. समुद्रगरुड मात्र आपला इथला रहिवासी. तो सुरू किंवा आंब्याच्या उंच झाडावर वर्षानुवर्षे एकच घरटे वापरतो. त्याचे झाड तोडताना दोनदा विचार करा.

हे पक्षी पाहायची वेळ भरती-ओहोटीवर ठरते. पूर्ण ओहोटीला चिखल लांबवर उघडा पडतो आणि पक्षी दूर पांगतात. भरती चढू लागली की पाणी त्यांना ढकलत आपल्याकडे आणते. म्हणून पूर्ण भरतीच्या आधीचे दोन तास उत्तम. आपल्या जुन्या माणसांचा हिशेब तुम्हाला माहीतच आहे. तिथीला तीनने गुणा आणि चारने भागा, येईल तो भरतीचा तास. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. हिशेब ढोबळ आहे, पण चालतो. भांगाला पाणी फार चढत नाही. उधाणाला मात्र सगळा चिखल बुडतो आणि पक्षी खारबंदिस्तीच्या बांधावर विसाव्याला येतात. तेव्हा बांधावरून कुत्री सोडू नका. दर वेळी उठून उडावे लागले की त्यांनी साठवलेली चरबी फुकट जाते.

तळी आणि धरणे

आपले मालवण तालुक्यातले धामापूरचे तळे १५३० सालचे. २०२० मध्ये त्याला सिंचनाच्या जागतिक वारशाचा मान मिळाला. पूर्वजांनी शेतीसाठी बांधलेल्या पाण्यावर पाखरेही पोसली गेली. गोव्यातले करमळीचे तळे असेच, तिथे अडई आणि काणूक ही लहान बदके भरपूर. घाटावर पैठणचा नाथसागर, भीमेवरची उजनी, निफाड तालुक्यातले नांदूर मध्यमेश्वर ही तर मोठी ठिकाणे. नांदूर मध्यमेश्वरला २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र म्हणून मान्यता मिळाली. ही सगळी पाणस्थळे माणसाने, शेतीच्या पाण्यासाठी अडवलेली आहेत, हे लक्षात घ्या.

पण मोठ्या धरणावरच जायला हवे असे नाही. गावच्या पाझर तलावावरही ओळख सुरू करता येते. चोचीच्या टोकाला पिवळा ठिपका आणि मुळाशी लाल ठिपका असलेले ते हळदीकुंकू बदक, हे बारमाही. काळे अंग आणि कपाळावर पांढरा टिळा तो वारकरी. लांब टोकदार शेपटीचे तलवार बदक, पसरट चोचीचा थापट्या, डोळ्यावर पांढरी भुवई असलेले भुवई बदक हे हिवाळी पाहुणे. उंच गुलाबी पायांचा शेकाट्या उथळ पाण्यात चालताना दिसेल. धरणाचे पाणी उतरू लागले की काठचा गाळ उघडा पडतो आणि तिथे चिखलातल्या पक्ष्यांची गर्दी होते. घाटावरचे शेतकरी याच जमिनीत गाळपेर करतात. तिथे फवारलेले औषध थेट पाण्यात जाते, तेच पाणी पुढे माणसे आणि गुरे पितात.

शेतीला काय उपयोग?

पक्षी आले म्हणजे फवारणीची गरज संपली, असे मी म्हणणार नाही. ते खरे नाही. पण हिशेब दोन्ही बाजूंनी मांडावा. घाटावर ज्वारीवर भोरड्यांचे थवे पडतात आणि शेतकरी गोफण घेऊन माचाणावर उभा राहतो. हीच भोरडी मध्य आशियात टोळ आणि नाकतोडे खाऊन पिल्ले वाढवते. चीनमधील शिनजियांगमध्ये ती जवळ राहावी म्हणून मुद्दाम दगडांचे ढीग रचून तिला घरट्यांना जागा करून देतात. हिवाळ्यात माळावर आणि कापलेल्या शेतावर खालून संथ उडत फिरणारा भोवत्या उंदीर आणि नाकतोडे टिपतो. रात्री गव्हाणी घुबड तेच काम करते. पाखरू एका हाताने घेते आणि दुसऱ्या हाताने देते. घेतलेले आपल्याला लगेच दिसते, दिलेले दिसत नाही.

माझी एक चूक

आता एक गोष्ट सांगतो, ती माझ्या स्वतःच्या शेतातली आहे.

माझे भात खाडीकाठच्या खार जमिनीत. साधारण तीस वर्षांपूर्वी एका आश्विनात खेकड्यांनी बांध पोखरून काढला. ऐन दाणे भरताना खारे पाणी आत शिरण्याची भीती होती. आंब्यासाठी आणलेले कीटकनाशक घरात उरले होते. मी कोणालाही न विचारता ते भातात कालवले आणि संध्याकाळी बांधावर उघड्यावर पसरून आलो. सकाळी जाऊन पाहतो तो बांधावर पाच कवडे आणि मनोल्यांचा अख्खा थवा मरून पडलेला. खाली चिखलात एक कोरल पडला होता. त्याने भात खाल्ले नसणार, विष खाऊन सुस्तावलेले खेकडे खाल्ले असणार. त्याच्या पायात एक बारीक धातूचे कडे होते, त्यावर अक्षरे आणि आकडे होते. मी ते काढले आणि घरी मुलाला दिले. "बाबा, हे कुणी घातलं?" त्याने विचारले. मला सांगता आले नाही. त्याने ते दोऱ्यात ओवून गळ्यात घातले आणि चार दिवसांत कुठेतरी हरवले.

पुढे विस्तार कार्यकर्त्यांनी सांगितले, तेव्हा मला कळले. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी डॉ. सालिम अली यांच्या पुढाकाराने १९५९ पासून पक्ष्यांच्या पायात अशी कडी घालत आली आहे. इतर देशांतही घालतात. आकडा कळवला की तो पक्षी कुठे, कोणत्या साली पकडून सोडला होता हे कळते. माझा कोरल कुठून आला होता, किती वर्षे येत होता, हे आता कोणालाच कळणार नाही. आणि बांधाचे म्हणाल, तर पुढच्या पावसाळ्यात खेकडे होते तेवढेच होते.

ही चूक माझ्या एकट्याची नाही. १९९५-९६ च्या हंगामात अर्जेंटिनात नाकतोड्यांसाठी शेतांत मोनोक्रोटोफॉस फवारले गेले. उत्तर अमेरिकेतून तिथे हिवाळ्यासाठी आलेले आणि नाकतोडे खाणारे ससाण्यासारखे हजारो शिकारी पक्षी शेतातच मेले. त्यानंतर शेतकऱ्यांना प्रशिक्षण दिले, त्या औषधाचा वापर आवरला आणि पुढच्या हंगामात मृत्यू खूप खाली आले. आपल्याच देशात नागालँडमधील दोयांग धरणावर २०१२ च्या शरदात अमूर ससाणे हजारोंनी जाळ्यात धरले जात होते. हे पक्षी भारत ओलांडून, पुढे अरबी समुद्रावरून आफ्रिकेत जातात. गावकऱ्यांनी, चर्चने आणि वनखात्याने मिळून ठरवले आणि २०१३ मध्ये जाळी लागली नाहीत. गावाने मनावर घेतले तर एका वर्षात फरक पडतो.

आपण काय करावे?

१) विषारी आमिष कधीही उघड्यावर टाकू नये. औषध व मात्रा विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणेच घ्यावी. आमिष बिळात ठेवून तोंड चिखलाने बंद करावे. मेलेले खेकडे व उंदीर गोळा करून खोल पुरावेत.

२) खेकड्यांसाठी आधी रात्री बत्ती घेऊन हाताने पकडण्याचा आणि उंदरांसाठी कापणीनंतर गावाने मिळून बिळे खणण्याचा उपाय करावा.

३) फवारणीचा पंप व औषधाचे डबे तळ्यात, ओढ्यात किंवा खाडीत धुऊ नयेत. धरणाच्या गाळपेरीत पाण्यालगतचा पट्टा फवारणीविना ठेवावा.

४) खारबंदिस्तीबाहेरची कांदळवने तोडू नयेत. ती लाटेचा मारा झेलतात, बांध टिकवतात आणि पक्ष्यांना आसरा देतात.

५) पायात कडे असलेला पक्षी सापडल्यास आकडा व अक्षरे नीट उतरवून, तारीख आणि गाव लिहून सोसायटीला मुंबईला कळवावे. पक्षी जिवंत असल्यास कडे काढू नये, आकडा टिपून त्याला सोडून द्यावे.

६) घरात एक वही ठेवावी. तारीख, तिथी, जागा, भरती की ओहोटी, कोणता पक्षी, किती, काय करत होता, एवढेच लिहावे. नाव माहीत नसेल तर चोच, पाय आणि रंग लिहावा. दुर्बीण घेणार असाल तर आठ गुणे चाळीसची पुरे, पण तिच्यावाचून अडत नाही.

७) ५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालिम अलींचा १२ नोव्हेंबर. त्या आठवड्यात शाळेतली मुले घेऊन आपल्या तळ्यावर एक सकाळ मोजणी करावी. दर वर्षी त्याच जागी, त्याच वेळी.

सालिम अलींनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास आपल्या अलिबागजवळच्या किहीमलाच केला होता. त्यांनीही तो बसून, पाहून, रोज लिहून केला. शेतकऱ्याला पाहण्याची आणि आठवण ठेवण्याची सवय असतेच. लिहून ठेवण्याची तेवढी लावायची आहे.

माझ्या मुलाच्या गळ्यातले कडे हरवले. आता माझी नात वही लिहिते. गेल्या महिन्यात तिने एका ओळीत लिहिले होते, "सप्तमी, भरती, बांधावर तीन कोरल, खेकडे खात होते." त्या बांधावर मी त्यानंतर कधी आमिष पसरलेले नाही. तुमच्या बांधावर या वर्षी किती आले, ते पुढच्या मेळाव्यात मला सांगा.