डीपी जळाली आणि मडकं कामाला आलं

(या भागाचं लेखी रूप. बोलण्यातले अडखळे काढलेत, बाकी जसंच्या तसं.)

हेडफोन लावलेत ना? मग सुरू करूया.

आज नवीन ॲप नाही, कुठली ऑफर नाही. आज मडक्याबद्दल बोलायचंय. थांबा, स्किप करू नका! मी पण तुमच्यातलीच आहे. बीटेक केलंय, पुण्यात कोड लिहिते, आणि घरातला दिवा बंद करायला सुद्धा फोन काढते. म्हणूनच हे सांगायचंय.

आमचं गाव लातूर जिल्ह्यात. घरी आई, बाबा आणि आजी. दोन वर्षांपूर्वी मला बोनस मिळाला आणि मी घर ‘अपग्रेड’ करायला घेतलं. मोठा फ्रिज, पाण्याचं मशीन, इंडक्शन, वायफायवर चालणारे प्लग. स्वयंपाकघरातला माठ मीच उचलून गोठ्यामागे ठेवला. “आता याचं काय काम, नुसती अडगळ.” आजी एवढंच म्हणाली, “राहू दे की गं, तो काय खायला मागतोय?” मी ऐकलं नाही.

आता या मे महिन्यात काय झालं बघा. मी सुट्टीला घरी होते. दुपारी दीडला मोठा आवाज झाला आणि लाइट गेली. डीपी जळाली. गावाकडच्या लोकांना माहितीये, डीपी जळाली म्हणजे तासाभराचं काम नाही. आमच्याकडे लाइट आली ती दोन दिवसांनी.

पहिले काही तास मजेत गेले. इन्व्हर्टरवर दोन पंखे आणि वायफाय. मग संध्याकाळी बाबांची इन्सुलिनची वेळ झाली आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. फ्रिजमध्ये पाच नवीन पेनं होती, दोन महिन्यांचा साठा. आणि फ्रिज इन्व्हर्टरवर नव्हता.

मी काय केलं? दर दहा मिनिटांनी फ्रिज उघडून हात लावून बघत बसले. इंजिनिअर ना मी! दार बंद ठेवलं तर फ्रिज साधारण चार तास थंडावा धरतो. मी तो तासाभरात घालवला.

माझ्याकडे बटणाच्या सेलवर चालणारा छोटा डिजिटल थर्मामीटर होता. तो आत ठेवला. सकाळी आकडा 18, अकरा वाजता 25. घरात 38. आजी मागे उभी होती. म्हणाली, “अगं, ते आता नुसतं कपाट झालंय. त्यात काय ठेवतीस?”

मग ती म्हणाली, माठ आण. मी गोठ्यामागे गेले. माठाला उभी चीर गेली होती. मीच आपटून ठेवला होता. आजी काही बोलली नाही, ते जास्त लागलं.

शेवटी एक मातीची कुंडी घेतली, रंग न दिलेली. तळाला आणि कडेनं वाळू भरली, वाळू ओली केली. मधे दह्याचं छोटं मडकं बसवलं. पेनं प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून मडक्यात ठेवली, वरून ओलं गोणपाट. आणि सगळं मागच्या ओसरीत, सावलीत पण वाऱ्यावर. आजी म्हणाली, “पूर्वी दूध असंच टिकवायचो.” दोन तासांनी थर्मामीटर बघितला. 26! बाहेर आग ओकत होती आणि आत 26. दिवसातून तीनदा पाणी शिंपडलं, बस.

यात जादू नाही. पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता ओढून घेतं. एक लिटर पाणी वाळायला साधारण 2400 किलोज्यूल लागतात, म्हणजे साधारण दोन तृतीयांश युनिटाएवढी उष्णता. हवा कोरडी असेल तर हे मस्त चालतं. कोकणात, गोव्यात किंवा पावसाळ्यात हवाच दमट, तिथे फार अपेक्षा ठेवू नका.

पण गोष्ट इथे गोड होऊन संपत नाही. डॉक्टरांना फोन करायचा होता. माझा फोन बंद पडलेला, नंबर पाठ नाही. बाबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं लिहून ठेवला होता, म्हणून शेजारच्या काकांच्या फोनवरून लागला. डॉक्टर म्हणाले, औषध खराब झालं नाही, तीसच्या वर गेलं नाही ना, मग ठीक. पण बाहेरच्या तापमानात आलं की चार आठवड्यांची मुदत सुरू होते. म्हणजे दोन पेनं वापरून होतील, तीन टाकावी लागतील. आणि मग म्हणाले, “पहिल्या तासात तालुक्याच्या मेडिकलच्या फ्रिजमध्ये ठेवायला का नाही दिलीत?”

खरंच की! बाबांची मोटरसायकल दारात होती. तालुक्यात लाइट होती. मला ते सुचलंच नाही, कारण मी मशीनकडे बघत बसले होते, माणसांकडे नाही.

तर आता कामाच्या गोष्टी. लिहून घ्या, फोनमध्ये नाही, कागदावर.

एक. घरात इन्सुलिन असेल तर डब्यातला कागद आजच वाचा. प्रत्येक प्रकाराची मुदत वेगळी असते. बर्फाला थेट चिकटवून ठेवू नका, गोठलं की ते वाया. शंका असेल तर डॉक्टरांना विचारा, मला नाही.

दोन. पाच नंबर कागदावर लिहून दाराच्या आत चिकटवा.

तीन. गॅसच्या शेगडीजवळ काडेपेटी ठेवा. मशीन बंद असेल तर पाणी गाळून, खळखळ उकळून प्या.

चार. माठाला बाहेरून ऑइल पेंट देऊ नका. छिद्रं बुजली की माठ नुसता डबा.

पाच, पैशांचं. 10 वॉटची वस्तू चोवीस तास चालू राहिली तर महिन्याला 7.2 युनिट जातात. टीव्हीचा बॉक्स, राउटर, चार्जर. झोपताना बटण भिंतीवरून बंद करा. ते बटण तिथे त्यासाठीच असतं.

फ्रिज मी विकणार नाहीये. बाबांना तो लागतोच. आणि त्या थर्मामीटरशिवाय मला 26 चा आकडाही कळला नसता. पण पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी बाजारातून नवा माठ आणला. आजीनं बोटानं टिचकी मारून आवाज ऐकला, म्हणाली, “बरा आहे. आपटू नकोस.”

एवढंच. तुमच्या घरी कुंडीत काय काय टिकवायचे ते आजीला विचारा आणि मला कळवा. भेटू पुढच्या भागात!