कमरेचा करकोचा

हळर्णच्या शेतांत धोतर वा लुगडे कमरेशी घट्ट आवळून राबणाऱ्यांच्या अंगावर करकोचा उमटतो. त्याची दखल सहसा कोणी घेत नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी मात्र ती घेतली. धोतराच्या सततच्या घर्षणाने कमरेच्या त्वचेवर उद्भवणाऱ्या कर्करोगाचे वर्णन त्यांनी सहकाऱ्यासह १९४५ साली प्रसिद्ध केले.

घर्षणाने हे कसे घडावे? त्वचेला इजा झाली की वाढीचा निरोप नेणारी द्रव्ये स्रवतात. अशाच एका द्रव्याच्या शोधाबद्दल स्टॅन्ली कोहेन हे १९८६ साली नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. पेशीवरील ग्राहक हा निरोप स्वीकारतो, पेशी विभागते, जखम भरते आणि ग्राहक शांत होतो. परंतु इजा वर्षानुवर्षे होत राहिली, तर जनुकांत बिघाड साठत जाण्याचा संभव वाढतो. काही कर्करोगांत खुद्द ग्राहकाचेच जनुक बदलते. मग निरोपावाचूनही तो वाढीचा हुकूम देत राहतो. तळपायावरील काळ्या कर्करोगाच्या काही रुग्णांत ‘किट’ नावाच्या ग्राहकात असा बदल आढळला आहे.

प्रत्येक करकोचा म्हणजे कर्करोग नव्हे. हा रोग विरळाच. तथापि, कमरेवरील जखम महिनाभरात भरली नाही, किंवा तळपायावरील डाग पसरू लागला, तर लेप लावीत बसू नये, डॉक्टरांस दाखवावे. आणि गाठ थोडी सैल बांधावी.